कूस उजवावी म्हणून : झाडपाल्यापासून रक्ततपासणीपर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असे कार्यवाह भगिनींनी सांगितले, तेव्हा मी इंग्रजांच्या वखारीवर लिहीन, असे त्यांना वाटले असावे. राजापूरचा इतिहास म्हटला की १६४९ साली येथे निघालेली वखार आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी तिचा घेतलेला समाचार, या दोन गोष्टी यायच्याच. पण त्या पुरुषमंडळींनी पुष्कळ लिहिल्या आहेत. माजघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत जो इतिहास घडला, त्याची बखर कोणी लिहिली नाही. त्यातलेच एक दुःखाचे पान आज उलगडावे असे मनात आहे. ज्या बाईला दिवस राहतात पण टिकत नाहीत, एकदा नव्हे, दोनदा नव्हे, पुन्हा पुन्हा टिकत नाहीत, तिच्यासाठी आपल्या लोकांनी आजवर काय काय केले, त्यातले काय खरे निघाले आणि काय खोटे, याची ही हकीकत.

आमच्या घरात एक आत्याबाई होऊन गेल्या. मी त्यांना पाहिले नाही. सासूबाईंच्या तोंडून ऐकले तेवढेच. आत्याबाईंचे चार गर्भ गेले. तीन तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणि एक सातव्यात. घरच्यांनी उपाय करण्यात कसूर केली नाही. वैद्याने मुळी दिली, ती सहाणेवर दुधात उगाळून रोज पहाटे चाटवली. गळ्यात पुत्रंजीवाच्या बियांची माळ घातली. गंगा आली तेव्हा चौदाही कुंडांची स्नाने झाली. धूतपापेश्वराला नवस बोलून झाला. पाचव्या वेळी मुलगा झाला आणि जगला. दृष्ट लागू नये, काळाने ढुंकून पाहू नये, म्हणून त्याचे नाव धोंडू ठेवले. पुढे कित्येक वर्षे घरात वाद चाले. कोणी म्हणे मुळीचा गुण, कोणी म्हणे गंगेचा, कोणी म्हणे देव पावला. सासूबाई मात्र वेगळेच सांगत. त्या म्हणत, "त्या चार वर्षांत आत्याबाईंची ओटी कोणी भरली नाही, हे कोणी आठवत नाही." डोहाळजेवणाचे बोलावणे येई, पण ओटी भरायला त्यांना पुढे होऊ देत नसत. त्या पडवीत बसून पाने लावीत आणि तशाच घरी येत.

मुळीचा गुण की गंगेचा, या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आधी जुन्या ग्रंथांत काय आहे ते पाहू.

आपल्या आयुर्वेदाने या दुःखाची दखल फार पूर्वी घेतली आहे. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात गेला तर गर्भपात, असा भेद सुश्रुतसंहितेत केला आहे. चरकसंहितेत तर गर्भ राहिला की वारंवार नाश पावतो अशा विकाराला 'पुत्रघ्नी' असे नावच दिले आहे, आणि वायूचा रूक्षपणा व दूषित रक्त ही त्याची कारणे सांगितली आहेत. गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चार अंगे लागतात, असे सुश्रुत म्हणतो. शेतीची ही उपमा आपल्या कोकणातल्या बाईला समजावून सांगायला नको. बी किडके असेल तर जमिनीला बोल लावून काय उपयोग? आणि बीज म्हणजे दोघांचे, हेही त्या ग्रंथकारांना ठाऊक होते. व्यवहारात मात्र बोल नेहमी क्षेत्रालाच लागला.

उपचारांत पहिला मान आहाराचा. चरकाने महिन्यामहिन्याची पथ्ये घालून दिली आहेत. पहिल्या महिन्यात थंड दूध, चौथ्यात दुधावरचे लोणी, पाचव्यात तूप, अशी ती चढण आहे. सुश्रुताने प्रत्येक महिन्याला दुधात शिजवून द्यायची वेगवेगळी औषधे सांगितली आहेत. त्यांत ज्येष्ठमध, देवदार, अनंतमूळ म्हणजे आपली उपळसरी, शिंगाडा, द्राक्षे अशी नावे येतात. पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात 'फलघृत' आले. शतावरी ही तर पुढे घराघरांत स्त्रियांचे औषध म्हणून मान्य झाली.

या झाडपाल्याभोवती आपल्या बायकांनी श्रद्धेचेही एक जाळे विणले. श्रावणातल्या शुक्रवारी आपण जिवतीची पूजा करतो. तिच्याच नावाशी जुळणारी जिवंती नावाची एक वेल आहे. तिला डोडीही म्हणतात. गर्भ टिकावा म्हणून आणि अंगावरचे दूध वाढावे म्हणून ती वैद्य देत आले, आणि विसाव्या शतकात मुंबईत तिच्या गोळ्याही निघाल्या. पुत्रंजीवाचे तर नावच बोलके. ते इतके रुजलेले होते की युरोपच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्या झाडाच्या शास्त्रीय नावात ते तसेच ठेवले.

परंतु सगळेच ग्रंथ एवढे समंजस नव्हते. काश्यपसंहितेत रेवतीकल्प म्हणून एक प्रकरण आहे. गर्भ आणि मुले हिरावून नेणाऱ्या 'जातहारिणी'चे त्यात वर्णन आहे, आणि धर्म सोडून वागणाऱ्या स्त्रीला ती धरते, असे सांगितले आहे. हा ग्रंथ नेपाळात सापडलेल्या पोथीवरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. तो छापला जाण्यापूर्वीही कित्येक शतके त्यातली समजूत आपल्या घरोघर नांदतच होती. आत्याबाईंची ओटी रिकामी राहिली ती त्याच समजुतीने. रोगाचे निदान करायचे सोडून रोग्याच्या पापाचे निदान करणे, हा या इतिहासातला सर्वांत मोठा दोष.

आता एक नाजूक गोष्ट, पण ती सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर एक नवा रोग उतरला. भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात त्याला 'फिरंग रोग' म्हटले आणि त्यावर पाऱ्याचे कल्प व चोपचिनी सांगितली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात या चोपचिनीची चर्चा केली आहे. या रोगाने गर्भ जातात, बहुधा उशिराच्या महिन्यांत, आणि पुन्हा पुन्हा जातात. नवरा बंदरोबंदर फिरून रोग घेऊन येई आणि 'हिच्या पोटी मूल टिकत नाही' हा शिक्का बायकोला बसे. रक्तावरून हा रोग ओळखण्याची वासरमानची परीक्षा १९०६ साली निघाली आणि पुढे पेनिसिलिन आल्यावर तो बरा करता येऊ लागला. किती निरपराध बायका तोवर शिक्का कपाळी घेऊन गेल्या, त्याची गणती कोणी केली नाही.

यानंतर आपल्या महाराष्ट्राच्या एका कन्येचे नाव घेतले पाहिजे. आनंदीबाई जोशी यांचे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळती तर, ही खंत मनात धरून त्या अमेरिकेत गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. नव्या विद्येच्या दारात उभे राहून त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांत गर्भिणीची काळजी कशी सांगितली आहे, ते मांडले. जुन्याची लाज नाही आणि नव्याचे भय नाही, अशी ती वृत्ती होती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकवीस वर्षांचे ते आयुष्य!

त्याच सुमारास आपल्याकडे वैद्यकाची पोथी छापखान्यात आली. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय १८८० साली प्रसिद्ध झाले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे 'आर्यभिषक्' मराठी घरांत पंचांगाशेजारी जाऊन बसले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला. त्याआधी, १८७२ साली, पनवेलीस कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला होता. त्याचे नाव 'श्री धूतपापेश्वर'. आपल्या धोपेश्वरच्या देवाचे नाव अशा रीतीने औषधांच्या बाटल्यांवरून देशभर गेले, हे राजापूरच्या भगिनींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पूर्वी वैद्य नाडी पाहून, प्रकृती पाहून औषध स्वतः करून देत असे. आता औषध तयार मिळू लागले. सोय झाली खरी, पण बाईला न पाहताच तिचे औषध ठरू लागले.

पाश्चात्य औषधांचे तरी सगळे सोज्वळ होते काय? मुळीच नाही. १९४० नंतर अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून लाखो बायकांना स्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम हार्मोन देण्यात आले. १९५३ साली शिकागोत नीट तुलना करून पाहिली, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही असे दिसून आले. तरी ते देणे चालूच राहिले. अखेर १९७१ साली कळले की ज्या बायकांनी ते घेतले त्यांच्या मुलींना तरुणपणीच एक दुर्मिळ कर्करोग होत आहे. औषध एकीने घ्यावे आणि भोग दुसरीने भोगावा! तात्पर्य, औषध मुळीचे असो की कारखान्याचे, 'अनेकींना गुण आला' ही काही कसोटी नव्हे.

आता गेल्या सत्तर वर्षांत काय नवे कळले ते पाहू. गर्भात अर्धा अंश पित्याचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. शरीर परक्याला घालवून देते. मग गर्भाला नऊ महिने कसे नांदू देते? हा प्रश्न १९५३ साली पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने नेमका मांडला, आणि तेव्हापासून शरीराच्या प्रतिकारशक्तीचा या अंगाने अभ्यास सुरू झाला. आईचे रक्त आरएच निगेटिव्ह आणि मुलाचे पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या खेपेनंतर आईच्या रक्तात विरोधी द्रव्ये तयार होतात आणि पुढची मुले दगावू शकतात. १९६८ च्या सुमारास निघालेल्या अँटी-डी इंजेक्शनाने हे टाळता येऊ लागले. आपल्या मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' हा रक्तगट शोधून काढला. १९५७ साली तेथे रक्तगटांचे एक केंद्र निघाले, आणि त्यातूनच केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था उभी राहिली. वारंवार गर्भ जाणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास या संस्थेने केला आहे.

त्या अभ्यासातला एक मोठा विषय म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड विकार. लंडनच्या डॉ. ह्यूज यांनी १९८३ साली त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच घटकांवर उलटते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि वारेचे काम बिघडते. लंडनला १९९७ साली अशा ९० बायकांवर प्रयोग झाला. नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींना जिवंत मूल झाले. अ‍ॅस्पिरिनबरोबर हेपॅरिनची इंजेक्शने घेणाऱ्या ४५ जणींपैकी ३२ जणींना झाले. याला म्हणतात कसोटी! मात्र ही औषधे रक्ततपासणीत हा विकार दिसला तरच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. शेजारणीला दिली म्हणून आपण घेतली, असे करायचे नाही.

या ठिकाणी भगिनींना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. हल्ली 'प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा' असे शब्द कानांवर फार येतात. पण वर सांगितलेल्या विकारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भलतीकडे वळलेली असते. पेटत्या चुलीत फुंकर घालून भात करपण्यापासून वाचत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत लोकांनी गुळवेल भरपूर घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत सहा रोग्यांना यकृताचा विकार झाल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले, आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी त्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे. दोघांपैकी कोणाचेही खरे धरले तरी आपल्यासाठी बोध एकच: वेल कोणती, कोणाला, किती, हे न पाहता पोटात ढकलू नये. अश्वगंधासुद्धा गरोदरपणी टाळावी, असे आता जाणकार सांगतात.

त्याहून गंभीर गोष्ट भस्मांची. गर्भ टिकावा म्हणून देण्यात येणाऱ्या 'गर्भपाल रस' या कल्पात हिंगूळ, नागभस्म आणि वंगभस्म असतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज, नाग म्हणजे शिसे, वंग म्हणजे कथील. हे रसकल्प चरक-सुश्रुतांचे नव्हेत. रसशास्त्राची ती परंपरा बरीच नंतरची. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला २०११-१२ साली सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसे फार वाढलेले आढळले. त्या सगळ्या भारतात बनलेली आयुर्वेदीय औषधे घेत होत्या. आणि शिसे गर्भाला काय करते? १८९० च्या दशकात इंग्लंडात शेफील्डच्या बाजूला गरीब बायका नको असलेला गर्भ पाडण्यासाठी शिशाच्या मलमाच्या गोळ्या करून खात. एका देशात जे गर्भ पाडायला खाल्ले, तेच दुसऱ्या देशात राखायला द्यावे, याहून दैवदुर्विलास तो कोणता? वैद्यांचा यात अपमान नाही. दूध, तूप, उपळसरी, शतावरी यांची गोष्ट वेगळी आणि भस्मांची वेगळी. औषध देणाऱ्याला "यात धातू आहे काय?" एवढे विचारायला आपण शिकलो तरी पुष्कळ.

आता आत्याबाईंच्या घरातल्या वादाकडे वळू. मुळी, गंगा की नवस? आज जे कळले आहे ते असे. दिवस गेल्याचे कळलेल्या दर शंभर वेळांपैकी पंधरा वेळा तरी गर्भ जातो, आणि लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास बीजातच दोष असतो. तो कोणाच्या चालण्याने, धुणे धुण्याने, विहिरीवर जाण्याने आलेला नसतो. तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा असे होणे शंभरात एखादीलाच. आणि त्यांच्यातही ज्यांच्या तपासणीत काही कारण सापडत नाही, अशांपैकी साधारण तिघींत दोघींना पुढच्या खेपेस औषधावाचून मूल होते. आत्याबाई या दोघींपैकी असाव्यात. म्हणजे शेवटी जे हाताशी होते त्याला यश मिळाले. मुळी हाताशी होती, मुळी तरली. म्हणून जुन्या उपायांना इतक्या पिढ्या गुण येत राहिला, आणि म्हणूनच तुलना केल्यावाचून कोणत्या औषधाचा गुण खरा, हे सांगता येत नाही.

मग जुन्याचे काहीच हाती राहिले नाही काय? राहिले, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे राहिले. गर्भिणीला रक्त दिसू लागले तर काय करावे, हे सांगताना चरकाने मऊ, गार अंथरूण सांगितले, श्रम, राग आणि शोक वर्ज्य केले, आणि तिच्याजवळ बसून तिच्या मनाला आवडतील अशा सौम्य गोष्टी तिला सांगाव्यात, असे म्हटले. ऑस्लो येथील डॉक्टरांनी १९८४ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. कारण न सापडलेल्या ज्या बायकांना त्यांनी दर आठवड्याला बोलावून तपासले, धीर दिला, विश्रांती दिली, त्यांतल्या शंभरात ८६ जणींना मूल झाले. दूर राहत असल्यामुळे ज्यांना हे मिळाले नाही त्यांच्यात ३३ जणींना. ही तुलना काटेकोर नव्हती, हे मान्य. तरी मायेने बोलण्याचा अपाय कधी कोणाला झालेला नाही. चरकाची ही मात्रा घरात धातूवाचून होते आणि तिला पैसा पडत नाही.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळाच्या भगिनींपुढे दोनच गोष्टी ठेवते. आपल्या ओळखीत कोणाचे दोन गर्भ गेले असतील, तर तिला आणि तिच्या यजमानांना, दोघांनाही, डॉक्टरांकडे जाण्यास सांगा. रक्तगट, मधुमेह, थायरॉइड, अँटीफॉस्फोलिपिड आणि गर्भाशयाची सोनोग्राफी, या गोष्टी पाहून घेण्यासारख्या आहेत. वैद्याचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका आणि डॉक्टरांचे वैद्यापासून लपवू नका. लपवालपवीनेच जास्त घात होतो.

आणि दुसरी गोष्ट ओटीची. येत्या चैत्रात आपल्या मंडळाचे हळदीकुंकू होईल. त्या दिवशी कोण लेकुरवाळी, कोणाचे मूल राहिले नाही, हे न पाहता आलेल्या प्रत्येकीची ओटी भरावी, आणि भरणाऱ्या हातांतही तसा भेद करू नये. आत्याबाई पडवीत पाने लावीत बसल्या, ते आता आपल्याला बदलता येणार नाही. पण आज आपल्या आळीत कोणी तशी बसली असेल, तर तिला हाताला धरून आत आणणे आपल्याच हाती आहे.